जेन्सन ‘एफएफ’ला फटी दोन असतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत विक्रीला निघालेल्या जेन्सन गाडीचा फोटो पाहिला. त्याखाली ‘१९७३ची जेन्सन एफएफ, चारही चाकांवर चालणारी दुर्मीळ गाडी’ असं छापलंय. ती एफएफ नाही, जेन्सनचीच साधी इंटरसेप्टर आहे, जिच्यात इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो. पुढच्या चाकामागे मडगार्डावर हवेची एकच फट दिसते. एफएफला दोन असतात. शिवाय एफएफ १९७१मध्येच बंद झाली. सगळ्या मिळून झाल्या ३२०. किमतीत मोठा फरक पडतो, आणि निवृत्तीचे पैसे हौसेत घालणारा एखादा वाचक यात फसेल, म्हणून हे पत्र.

मी मूळचा कराडजवळचा. १९७२पासून इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमविचला आहे. आयुष्यभर पत्र्याचं काम केलं, ठोकणं आणि वेल्डिंग. जेन्सनचा कारखाना इथलाच, केल्विन वे रस्त्यावरचा. रिचर्ड आणि अ‍ॅलन या जेन्सन भावांची ही कंपनी. ऑस्टिन-हीलीच्या बॉड्याही इथेच होत. मी तिथे कामाला नव्हतो, पण रस्त्यावरून इंटरसेप्टर गेली की हातातलं काम ठेवून बघायचो. आकार इटलीतल्या टूरिंग कंपनीचा, इंजिन अमेरिकेतल्या क्रायस्लरचं, आधी ६.३ लिटरचं, पुढे ७.२ लिटरचं. मागची काच अख्खी एक, घमेलं उपडं घालावं तशी फुगीर. लिटरला चार-पाच किलोमीटर जाणारी गाडी १९७३च्या तेलटंचाईत कोण घेणार? १९७६ला कारखाना बंद पडला. त्या दिवसांत इथल्या कामगार वस्तीत जी शांतता होती, ती मी विसरलेलो नाही.

एफएफ म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला. आमच्या गावी ट्रॅक्टरला लोक ‘फर्ग्युसन’च म्हणायचे. त्याच हॅरी फर्ग्युसनने काढलेल्या संशोधन कंपनीने इंजिनाचा जोर चारही चाकांना देणारी ही यंत्रणा केली. हे कळलं तेव्हा मी वडिलांना मुद्दाम पत्रातून कळवलं होतं. ब्रेक लावल्यावर चाकं घसरू नयेत म्हणून डनलॉपची मॅक्सारेट यंत्रणा बसवली, जी मुळात विमानांसाठी होती. एवढं डोकं ज्या गाडीत घातलं, तिचं नाव दुसऱ्या गाडीला चिकटवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता घेणाऱ्यांसाठी. बातमीत ‘नवा रंग, चकाचक’ असं कौतुक आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने अशीच चकाचक इंटरसेप्टर फोटोवर घेतली. मी गेलो ते जुन्या डायनॅमोतलं चुंबक रुमालात गुंडाळून. दारावर चुंबक घट्ट बसलं. दाराखालच्या आडव्या पेटीसारख्या भागावर ठेवलं तर हातातून सुटून खाली पडलं. बोटाने वाजवलं तर आवाज बद्द. पुट्टीचा थर निघाला अंगठ्याएवढा जाड, आणि त्यामागे पत्राच नव्हता, पापडासारखे तुकडे हातात आले. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते या पोकळ भागात साचून आतून खात जातं. मी आणि भाचा अकरा महिने दर शनिवारी त्या एकाच भागावर राबलो. विकणाऱ्याने फोन उचलणंही बंद केलं होतं.

म्हणून गाडी उचलून खालून बघा. रंग मारण्याआधीचे उघड्या पत्र्याचे फोटो मागा. ज्याने काम प्रामाणिक केलंय तो ते हौसेने दाखवतो. इथे गाडीच्या नंबरावरून २००५पासूनच्या सरकारी वार्षिक तपासणीचे निकाल इंटरनेटवर फुकट बघता येतात, त्यात ‘गंज’ शब्द किती वेळा येतो ते मोजा. चाळीस वर्षांवरच्या गाडीला, घडण फार बदलली नसेल तर, आता ही तपासणी सक्तीची नाही, तेव्हा अलीकडची पानं कोरी असतील. अशा वेळी जुनी नीट वाचा.

आपण फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती. विकणाऱ्या गृहस्थांना गाडी खालून दाखवायची असेल, तर चुंबक घेऊन मी स्वतः यायला तयार आहे. जवळपास कुठेही असो, प्रवासखर्च माझा.

आपला,
एक जुना वाचक, वेस्ट ब्रॉमविच