कुंड्या हटवण्याच्या नोटिशीला उत्तर, फ्लॅट ३०२ कडून

दिनांक : १० सप्टेंबर २०२५
प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
हाउसिंग सोसायटी कमिटी, त्रिमूर्ती नगर, नागपूर

विषय : कुंड्यांची नोटीस मागे घेण्याबद्दल, आणि माझ्या मे २०२४ पासूनच्या तीन अर्जांबद्दल

साहेब, नमस्कार.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी बिल्डिंगमधली लेकरं लाकडी नंदी घेऊन दारात आली होती, मी त्यांना बोजारा (खाऊ-पैसे) देत होते आणि त्यांच्या मागूनच वॉचमन भाऊ तुमची नोटीस घेऊन आले. लेकरांसमोर वाचली. आठ दिवसांत बाल्कनीतल्या आणि गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या हटवा, नाहीतर सोसायटी उचलेल आणि ५०० रुपये दंड. कारण म्हणून चार शब्द, लीकेज, मच्छर, वजन आणि अस्वच्छता. मधात गणपती आले म्हणून कोणी हात लावला नाही पण आता विसर्जन झालं, म्हणून हे पत्र.

आधी हे सांगते की या विषयावर तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर चर्चा सुरू होती हे मला नंतर ३०४ च्या ताईंकडून कळलं, त्या ग्रुपमध्ये किरायेदार नाहीत. म्हणजे ज्या घरातल्या कुंड्यांबद्दल बोलून राहिले त्या घराला एका शब्दानं विचारलं नाही. जून २०२२ पासून मी इथं राहते, चौथं ॲग्रीमेंट सुरू आहे, पोलीस व्हेरिफिकेशन दरवेळी केलं, मेन्टेनन्स एकदाही पाच तारखेच्या पुढे गेला नाही, आणि किरायेदार ठेवल्याचे म्हणून जे नॉन ऑक्युपन्सी चार्जेस आमच्या घरमालकांना लागतात तेही तेच माझ्या किरायात धरतात. हे चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत, १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश आहे. आपल्याकडे किती घेतात ते एकदा बघून घ्यावं, मी आज त्यावर भांडत नाही.

आता एकेक मुद्दा.

लीकेज. २०२ च्या काकांचं म्हणणं आहे की माझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या बाल्कनीच्या छतातून टपकतं. काका वयानं मोठे आहेत, मी त्यांच्याशी कधी वाकडं बोलले नाही. पहिल्या वर्षी एकदा ट्रे भरून पाणी खाली गेलं होतं हे खरं आहे, मी स्वतः पोछा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि पुसून दिलं. तेव्हापासून प्रत्येक कुंडीखाली खोल ट्रे आहे आणि पाणी मी मगानं घालते, पाइपनं नाही. तरी दर पावसाळ्यात तेच. म्हणून जुलैमध्ये मी नीट तपासलं. दोन दिवस उघाड होती तेव्हा बाल्कनीतल्या पाणी जायच्या जाळीवर फडकं दाबून बसवलं आणि फरशीवर बादलीभर नीळ घातलेलं पाणी अर्धा तास साठवून ठेवलं. खाली काकांच्या परवानगीनं नेमकी डागाखाली पांढरी चिनी मातीची ताटली ठेवली. एक थेंब नाही. रात्रीपर्यंत वाट पाहिली, नाही. मग तिसऱ्या दिवशी जोरात पाऊस आला आणि टपकणं सुरू, पाणी स्वच्छ, निळसरपणा कुठंच नाही, पाऊस थांबल्यावर दोनेक तासांनी आपोआप बंद. काकूंनी हे डोळ्यांनी पाह्यलं आहे, त्यांना विचारा.

कारण बाहेरून दिसतं साहेब. पार्किंगमध्ये उभं राहून वर बघा, दुसऱ्या मजल्याच्या वर जिथं पावसाच्या पाण्याच्या पाइपचा जॉइंट आहे तिथं भिंतीतून पिंपळ निघाला आहे. मी आले तेव्हा चार पानं होती, आता माझ्या हाताएवढी फांदी आहे आणि जॉइंटच्या आजूबाजूचं प्लास्टर फुगलं आहे. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं आणि भेगेत रुजतं, मुळं आत जाऊन भेग उघडत जातात, नुसतं वरून छाटलं की पुन्हा फुटतो, मुळापासून काढून सिमेंटनं बुजवावं लागतं. हे मी ऑगस्ट २०२४ च्या अर्जात लिहून दिलं होतं, फोटो लावून. त्याचं उत्तर आलं नाही. ज्या झाडानं बिल्डिंगला खरंच धोका आहे ते कोणी लावलं नाही म्हणून त्याला नोटीस नाही. बाहेरच्या भिंतीचं आणि पावसाच्या पाइपचं लीकेज सोसायटीच्या खर्चानं दुरुस्त करायचं असतं हे उपविधीतच (सोसायटीच्या नियमावलीतच) आहे, आणि तक्रार अर्ज आला की पुढच्या मीटिंगमध्ये त्यावर निर्णय घेऊन पंधरा दिवसांत अर्जदाराला कळवायचं हेही त्यातच आहे.

वजन. हा मुद्दा कोणी काढला मला माहीत आहे, नाव घेत नाही. मी न्हाणीतला वजनकाटा बाल्कनीत आणून एकेक कुंडी मोजली, पाणी घातल्यावर. बारा इंची सात आहेत, त्या १३ ते १४ किलो भरल्या, छोट्या बारा आहेत त्या ४-५ किलो. स्टँड धरून सगळं मिळून १६० किलोच्या आसपास. बाल्कनी चार बाय नऊ फूट आहे. राहत्या घराची बाल्कनी डिझाइन करताना चौरस मीटरला ३०० किलोचा भार धरतात, बांधकामाच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्यात दिलं आहे, कोणत्याही स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा, म्हणजे या बाल्कनीला हजार किलोच्या जवळ होतं. दोन-तीन पाहुणे चहा घेत उभे राहिले की माझ्या सगळ्या बागेएवढं वजन होते. आणि वजन कमी आहे ते आपोआप नाही, मी त्यासाठी मेहनत घेतली आहे. नुसती आपली काळी माती भरली असती तर तीच कुंडी बावीस-चोवीस किलोची झाली असती, शिवाय काळी माती कुंडीत ओली असली की चिखल आणि वाळली की दगड, मुळांना हवाच मिळत नाही. म्हणून एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळ खत आणि मूठभर निंबोळी पेंड. रेलिंगवर एकही कुंडी लटकवलेली नाही, सगळं आतल्या बाजूला, भिंतीत एक खिळा नाही कारण भिंत माझी नाही. उलट बाहेरच्या लोखंडी स्टँडवर लटकलेले सात कूलर मी मोजले, टाकी भरली की त्यातला एकेक माझ्या पाच-सहा मोठ्या कुंड्यांएवढा जड, आणि खालून लेकरं सायकल चालवतात. त्यातला एक २०२ चाच आहे. कूलरला नोटीस गेल्याचं ऐकिवात नाही.

मच्छर. डेंग्यूचा मच्छर साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा मच्छर होतो, म्हणून तर महापालिकेची माणसं दरवर्षी घरोघरी कूलर तपासायला येतात. माझे ट्रे मी एक दिवसाआड रिकामे करते आणि रविवारी घासते. या रविवारी मी वॉचमन भाऊंना सोबत घेऊन बिल्डिंगभोवती चक्कर मारली, तीन कूलरमध्ये मे महिन्यापासूनचं पाणी तसंच आहे, एकात अळ्या वळवळताना दोघांनीही पाह्यल्या. फ्लॅट नंबर लिहित नाही, चुगली करायची नाही मला, तुम्हाला हवे असतील तर तोंडी सांगीन.

आणि अस्वच्छता. यावर काय लिहू. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर जुना सोफा, गच्चीच्या दारात प्लायवूड आणि मोडके कूलरचे सांगाडे, हे सगळं ओनर लोकांचं आहे, ते सामान आहे. माझा सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक, मिरची, आंबाडी, गोडलिंब म्हणजे कढीपत्ता, ही अस्वच्छता.

आता तो विषय ज्याच्यासाठी मी पहिला अर्ज दिला होता. गच्चीवर माझ्या पाच मोठ्या ग्रो बॅग (झाडं लावायच्या काळ्या पिशव्या) होत्या, तेव्हाच्या सेक्रेटरींनी तोंडी हो म्हटलं होतं, पूर्वेच्या भिंतीलगत, विटांवर, वर हिरवी नेट. मे २०२४ मध्ये नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, मी चार दिवस अमरावतीला लग्नाला गेले होते, ३०४ च्या ताईंची मुलगी सकाळ-संध्याकाळ पाणी घालणार होती. त्याच आठवड्यात ४०१ च्या दादांनी मुलाच्या वाढदिवसासाठी गच्ची घेतली, पाचही बॅगा उचलून पश्चिमेला पाण्याच्या टाकीजवळ उघड्या स्लॅबवर ठेवल्या, आणि कार्यक्रम झाल्यावर गच्चीचं कुलूप बदललं. मुलगी चावी मागत फिरली, बिचारी रडकुंडीला आली, कोणी दिली नाही. आठवा ते दिवस, त्याच आठवड्यात नागपुरातल्या एका सेन्सरनं ५६ डिग्री दाखवलं होतं आणि मग वेधशाळेनं तो बिघडला होता म्हणून सांगितलं, पण ४४-४५ तर खरंच होतं. काळी बॅग अशा उन्हात तव्यासारखी तापते, आत मुळं शिजतात.

मी आले तेव्हा मोगरा उभाच होता, पानं जागेवर होती पण हात लावला की पापडासारखी चुरा होत होती. मी शेंड्यापासून नखानं साल खरवडत खाली आले. तपकिरी, तपकिरी, तपकिरी. मातीच्या वर दोन बोटं एका फांदीवर थोडं हिरवं दिसलं म्हणून महिनाभर सावलीत ठेवून पाणी शिंपडलं, तेही गेलं. गोडलिंब बुडातून परत फुटला, लिंबू आणि दोन्ही जास्वंद मेले. हा मोगरा माझ्यासोबत मानेवाड्यापासून होता. तिथं पहिल्या किरायाच्या घरी मी अंगणात कडुनिंब लावला होता, घर सोडायच्या वेळी मालकांनी सांगितलं झाड जागेचं आहे. तेव्हापासून मी जमिनीत काही लावत नाही. कुंडीतलं तेवढं आपलं. मानेवाड्यावरून मनीष नगर, मनीष नगरवरून इथं, दोन्ही वेळा दोन दिवस पाणी तोडून कुंड्या हलक्या केल्या, फांद्या सुतळीनं बांधल्या, छोट्या हत्तीत सामानाच्या शेवटी ठेवल्या आणि मागे मी स्वतः बसून आले. मोगऱ्याचं एक पान गळलं नव्हतं. इथं स्वतःच्या गच्चीवर चार दिवसांत गेला.

मी तेव्हा पैसे मागितले नाही. एवढंच लिहिलं होतं की हलवायच्या आधी सांगत जा आणि एक चावी ३०४ कडे राहू द्या. पहिला अर्ज मे २०२४, दुसरा ऑगस्ट २०२४, तिसरा जानेवारी २०२५. तिन्हींच्या कॉपीवर ऑफिसचा शिक्का आहे. उत्तर एकाचंही नाही, आणि माझ्याविरुद्ध तोंडी तक्रार झाली तर आठवड्यात नोटीस तयार.

पाण्याबद्दलही कोणीतरी बोललं म्हणे. रोजचं मला सगळ्यांना मिळून पंधरा लिटरच्या आत लागतं, त्यातलं अर्धं तांदूळ-डाळ धुतलेलं आणि आरओचं फेकायचं पाणी साध्या पाण्यात मिसळून. पार्किंगमध्ये रोज सकाळी पाइप लावून गाड्या धुणं होते त्याच्यापुढे हे काय आहे.

बिल्डिंगमध्ये माझ्या बाजूनं कोणी नाही असं समजू नका. ३०४, १०३, २०४ या तिघांनी मला सांगितलं आहे की कुंड्यांचा त्यांना काहीच त्रास नाही. १०३ च्या आजी दर मंगळवारी पूजेला जास्वंद घेऊन जात होत्या, २०४ मध्ये भाजीला गोडलिंब माझ्याकडूनच जातो. सही करायला ते कचरतात कारण इथंच राहायचं आहे, पण तुम्ही विचारलं तर सांगतील.

माझं म्हणणं असं आहे. नोटीस लेखी मागे घ्यावी. दंड लावायचा तर आधी खुलासा मागावा लागतो आणि तो आमसभेत ठरतो, व्हॉट्सॲपवर नाही. पिंपळ मुळासकट काढून पाइपचा जॉइंट दुरुस्त करावा, म्हणजे काकांचा त्रासही संपेल, तो त्रास खरा आहे हे मी मानते. लोंबकळणाऱ्या वस्तूंचा नियम करायचाच असेल तर कूलर आणि कुंडी दोघांना एकच करावा, मी पहिल्या दिवशी पाळीन. गच्चीची एक चावी ३०४ मध्ये द्यावी. गोडलिंबाची बॅग आणि नंतरच्या दोन मी पूर्वेच्या भिंतीशी परत ठेवीन, त्याची जागा लिहून द्या. आणि ४०१ च्या दादांनी एक मोगरा आणून द्यावा, बारा इंची कुंडीत, तेलंगखेडीकडच्या कुठल्याही नर्सरीत मिळतो. मोठा नको, छोटा चालेल, मी वाढवीन.

शेवटचं. किरायेदाराला १०० रुपये प्रवेश फी घेऊन नाममात्र सभासद करून घ्यायची तरतूद उपविधीत आहे, माझ्या बाबतीत तीन वर्षांत कोणी तो फॉर्म दिला नाही. मी स्वतः भरून, घरमालकांची सही घेऊन सोबत जोडला आहे. पाकिटात १०० ची नोट आहे. पावती वॉचमन भाऊंच्या हाती पाठवावी.

आपली,
फ्लॅट नं. ३०२ (किरायेदार)

प्रत : १) सेक्रेटरी २) फ्लॅट ३०२ चे मालक, पुणे
सोबत : तिन्ही अर्जांच्या शिक्क्याच्या कॉपी, पिंपळाचे दोन फोटो, कुंड्यांच्या वजनाचा कागद, नाममात्र सभासदत्वाचा फॉर्म