तुमच्या गेममध्ये बसमधली माणसं मोजली जात नाहीत, त्याबद्दल तक्रार

सांगली
दिनांक : ९ जून २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मुलांच्या सुपरहिरो गेममधली सामान्य माणसांच्या जिवाबाबतची चुकीची गुणपद्धत आणि त्यावर मिळालेले असमाधानकारक उत्तर.

महोदय / महोदया,

मे महिन्यात माझा ९ वर्षांचा नातू सुट्टीला पुण्याहून आला, तेव्हा त्याच्या हट्टाखातर मी तुमच्या सुपरहिरो गेमचं वर्षाचं पॅक घेतलं. १,४९९ रुपये भरले. पैसे भरण्याआधी जाहिरात चष्मा लावून पूर्ण वाचली. वर मोठ्या अक्षरांत 'शहर वाचवा, माणसं वाचवा' आणि खाली 'मुलांमध्ये जबाबदारीची जाणीव रुजवणारा खेळ, वय ७ व पुढे'. त्या खालच्या ओळीवर विश्वास ठेवून मी पैसे दिले, आणि माझी तक्रार त्याच ओळीबद्दल आहे.

तिसरी लेव्हल नदीवरच्या पुलाची आहे. पुलावर वाहनांची रांग, मधोमध राक्षस. हिरोनं हाताला येईल ते वाहन उचलून त्याच्यावर फेकायचं. रिकामा ट्रक फेकला की २०० गुण, प्रवाशांनी भरलेली बस फेकली की ५००. बस भरलेली आहे हे मी अंदाजानं लिहीत नाही. नातवाला खेळ थांबवायला लावून स्क्रीन मोठी करून पाहिली. तिसऱ्या खिडकीत लाल फ्रॉकमधली एक मुलगी काचेला हात टेकून बसली आहे. तुमच्याच कुणा चित्रकारानं ती मन लावून काढली असणार, कारण तिच्या वेणीची रिबनसुद्धा दिसते. ही बस राक्षसाच्या छातीवर आपटते, पेट घेते आणि वर सोनेरी अक्षरांत ५०० उमटतात. शेवटी हिरो हात उंचावतो, 'शहर वाचलं!' अशी पाटी येते. बसमधल्यांचं काय झालं, ते कुठेच येत नाही.

मी नातवाला विचारलं तर तो खेळता खेळताच म्हणाला, "आजोबा, ते एनपीसी आहेत. ते मोजत नाहीत."

एनपीसी म्हणजे खेळाडू ज्यांना चालवत नाही अशी गेममधली बाकीची पात्रं. त्याचा काही दोष नाही. गेमनं जे शिकवलं ते त्यानं सांगितलं. पण 'मोजत नाहीत' हे शब्द मला लागले. मी अग्निशमन दलात २८ वर्षं नोकरी केली. वर्दी आली, गाडी जागेवर पोचली की तोंडातून पहिला प्रश्न निघतो, आत माणसं किती? पाणी कुठून मारायचं, शिडी कुठे लावायची, हे सगळं त्याच्यानंतर.

२० मे रोजी मी तुमच्या ॲपवरून तक्रार केली. दोन दिवसांनी तीन ओळींचं उत्तर आलं. राक्षसानं हल्ला केला नसता तर नुकसान झालंच नसतं, त्यामुळे जबाबदारी खलनायकाची, हिरो शहर वाचवतो आहे, अभिप्रायाबद्दल धन्यवाद.

पहिला गुन्हेगार राक्षसच, याबद्दल माझं दुमत नाही. आग लावणारा आणि आग विझवताना भिंत पाडणारा, या दोघांना एका तागडीत तोलू नये. आपला कायदाही तोलत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ८१ वं कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते १९ वं आहे. गुन्ह्याचा हेतू नसताना, सद्भावनेनं, दुसरं नुकसान टाळण्यासाठी केलेल्या कृतीतून हानी झाली तर तेवढ्यावरून तो गुन्हा होत नाही. कायद्यानं दिलेलं एक उदाहरण तर आमच्याच कामाचं आहे : मोठी आग पसरू नये म्हणून मधली घरं पाडणारा माणूस. दुसरं जहाजाच्या कप्तानाचं. वळला नाही तर २०-३० प्रवाशांची बोट चिरडली जाणार, वळला तर २ प्रवाशांच्या बोटीला धोका. तुमच्या हिरोची बाजू मांडायची तर ती इथून मांडता येते, आणि मीही तिच्याच बाजूनं उभा राहीन.

पण त्याच कलमात 'सद्भावना' हा शब्द आहे आणि दंड संहितेच्या ५२ व्या कलमानं त्याचा अर्थ बांधून दिला होता, नव्या न्याय संहितेतही तो तसाच आहे. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेनं केली, असं म्हणता येत नाही. तुमच्या पुलावर बसच्या शेजारी रिकामे ट्रक उभे आहेत. मी मोजले, ४ आहेत. हिरोला दुसरा मार्ग नव्हता असं नाही, मार्ग हाताशी होता. आणि तो सोडून त्यानं बसकडे वळावं म्हणून तुम्ही ३०० गुण जास्त ठेवलेत. इथे राक्षसाकडे बोट दाखवून सुटका होत नाही.

वाचवणाऱ्याच्या हातून इजा होते, हे मी बाहेरून बघून सांगत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभागात एका घरी पाणी पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलं होतं. आम्ही कटरनं ग्रिल कापली. आत एक आजी ट्रंकेवर बसून होत्या, वय ८० च्या पुढे, आणि घर सोडायला तयार नव्हत्या. प्रवाहानं बोट सारखी भिंतीवर आदळत होती. मी त्यांचा हात धरला आणि ओढलं. मनगट मोडलं. इंजिनाच्या आवाजातही ते मोडल्याचं मला ऐकू आलं.

आजी वाचल्या. अहवालात मी माझ्या हातानं लिहिलं, 'सुटका करताना उजव्या मनगटास दुखापत.' पूर ओसरल्यावर त्यांच्या घरी गेलो. भिंतींवर चिखलाची रेघ तशीच होती, आजींचा हात प्लास्टरमध्ये. त्यांच्या पुतण्यानं मला सरळ विचारलं, "कमरेला दोर का नाही बांधला?" दोर बोटीतच होता. बांधायला २ मिनिटं लागली असती. त्या क्षणी तेवढा वेळ नाही असं मला वाटलं, नंतर विचार केला तेव्हा वाटलं, होता. मी त्याला हेच सांगितलं. त्यानं पोलिसांत तक्रार दिली नाही, मला शिव्याही दिल्या नाहीत. विचारलं आणि मी उत्तर दिलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत खिडकीतून माणूस काढताना मी दोर आधी बांधला.

त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. पुरातून सुटायला निघालेली माणसं बुडाली. ती बातमी आली त्या संध्याकाळपासून आम्ही बोटीत माणसं चढवताना डोकी मोठ्यानं मोजू लागलो.

हा खेळ आहे, इतकं मनाला लावून घेऊ नये, असं तुम्ही म्हणाल. पण सुपरहिरोंच्या दुनियेनं हा प्रश्न केव्हाच विचारलाय. मार्व्हलचा २०१६ चा 'सिव्हिल वॉर' नातवानंच मला दाखवला. नायजेरियातल्या लागोसच्या भर बाजारात वांडा ही हिरोंपैकी एक स्फोट आवरते, वर उचलते, खालची गर्दी वाचते. पण तो स्फोट शेजारच्या इमारतीत होतो आणि आतली माणसं मरतात. तिचा हेतू वाईट नव्हता. तरी हिरोंच्या आधीच्या लढाईत, सोकोव्हिया देशात, मुलगा गमावलेली आई टोनी स्टार्क म्हणजे आयर्न मॅनला गाठून जाब विचारते आणि हिरोंनी परवानगीशिवाय उतरू नये असा करार घेऊन ११७ देश पुढे येतात. त्या करारावर सही करावी की नाही, यात मी सही नाकारणाऱ्या कॅप्टन अमेरिकाच्या बाजूचा आहे. वरून परवानगी येईपर्यंत आग थांबत नाही. मला आधीची परवानगी नको आहे, नंतरचा हिशेब हवा आहे.

दुसऱ्या टोकाचं भयही मला कळतं. २००४ च्या 'इन्क्रेडिबल्स'मध्ये वाचवलेलीच माणसं हिरोंवर दावे लावतात आणि शेवटी हिरोंना लपून राहावं लागतं. असं झालं तर मदतीला कोण धावेल? आपल्या हायवेवर जखमीला हात लावायला लोक याच भीतीनं कचरायचे. म्हणून २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४ए हे कलम आलं आणि अपघातात सद्भावनेनं मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. तिथेही सद्भावनेची अट आहेच. धावून जाणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका, हे मीच पहिला म्हणेन. पण त्यानं मागे वळून पाहिलंच नाही तर त्याला हिरो म्हणायला मी तयार नाही, आणि माझ्या नातवानं म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही काय करायला हवं ते लिहितो. माणसं बसलेलं वाहन फेकण्याचे ५०० गुण तातडीनं बंद करा. प्रवाशांना इजा झाली तर गुण कापले जाऊ देत, आणि वाहन फेकण्याआधी त्यातली माणसं उतरवता येतील अशी सोय द्या. त्याला वेळ लागेल, खेळ अवघड होईल, होऊ दे; आमचंही काम त्यामुळेच अवघड असतं. लेव्हल संपल्यावर किती माणसं वाचली आणि किती जखमी झाली, हे दोन्ही आकडे पाटीवर दाखवा. आणि जमलं तर हिरोला एकदा तरी त्या पुलावर परत पाठवा, लाल फ्रॉकवाल्या मुलीच्या घरच्यांसमोर उभं करा. तो काय बोलेल, ते तुमच्या लेखकांनी ठरवावं.

हे बदल होणार नसतील तर जाहिरातीतली 'जबाबदारी'ची ओळ काढा आणि पॅकच्या उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. त्या कायद्यानं ग्राहकाला तो राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे मला सांगली सोडावी लागणार नाही.

नातू दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा येणार आहे. तोवर गेम माझ्या मोबाइलवर तसाच ठेवला आहे. बदल केलात तर कळवा, तिसरी लेव्हल आम्ही दोघं मिळून खेळून बघू.

आपला,
एक ग्राहक, निवृत्त फायरमन
सांगली

सोबत : १) पैसे भरल्याची पावती २) तिसऱ्या लेव्हलचे ३ स्क्रीनशॉट (बसची तिसरी खिडकी खुणेनं दाखवली आहे) ३) २२ मे रोजी आलेल्या उत्तराची प्रत