टॅबलेटवरची ठिपक्यांची रांगोळी

नौपाडा, ठाणे

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

पाडव्याच्या स्वागतयात्रेच्या सकाळी सोसायटीच्या फाटकाशी टॅबलेट ठेवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यावर बोटाने ठिपक्यांची रांगोळी काढायची, ही तुझी कल्पना मला मनापासून आवडली. तू पाठवलेलं पान नीट पाहिलं. ठिपके लंबगोल आणि पुसट दिसतात, बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे उमटते, नको तिथे ठिपके एकमेकांना जोडले जातात आणि टॅबलेट आडवा केला की सगळं पुसलं जातं. यातली बरीचशी दुखणी एकाच मुळाशी येतात. कॅनव्हास, म्हणजे वेबपानावरचा चित्र काढायचा चौकोन, तुझी रेघ ‘रेघ’ म्हणून लक्षात ठेवत नाही, त्याच्याकडे फक्त रंगलेले पिक्सेल उरतात. रंग, जाडी, फिरवलेला कोन आणि अर्धवट सोडलेला पाथ (काढायच्या रेघेचा मार्ग) मात्र तू बदलेपर्यंत तो धरून ठेवतो. तू नेमकं उलटं धरून चालली आहेस.

आधी आकार. कॅनव्हासच्या टॅगमध्ये रुंदी-उंची दिली नाही तर ती ३०० बाय १५० असते. तू फक्त सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या भागात) ५६० बाय ५०० लिहिलं आहेस, त्यामुळे ब्राउझर तेच छोटं चित्र ताणून दाखवतो. रुंदीपेक्षा उंची जास्त ताणली जाते, म्हणून ठिपके लंबगोल. शिवाय बऱ्याच टॅबलेटच्या स्क्रीनवर सीएसएसच्या एका पिक्सेलमागे दोन किंवा जास्त खरे पिक्सेल असतात. म्हणून विंडोचा डिव्हाइस-पिक्सेल-रेशिओ, म्हणजे हेच प्रमाण, घे, ५६० आणि ५०० ला त्याने गुण, पूर्णांक कर आणि ते आकडे कॅनव्हासच्या विड्थ-हाइटला दे. सीएसएसचा आकार ५६० बाय ५०० च राहू दे. मग सेटट्रान्सफॉर्मने तेवढीच स्केल लाव, म्हणजे पुढचं सगळं गणित तू ५६० बाय ५०० मध्येच करशील. इथे ‘स्केल’ नावाचं फंक्शन वापरू नकोस. ते आधीच्या स्केलवर चढतं आणि दोनदा चाललं तर चित्र पडद्याबाहेर जातं.

विड्थला नवीन आकडा दिला, अगदी तोच आकडा पुन्हा दिला, तरी कॅनव्हास कोरा होतो आणि सगळी सेटिंगही मूळपदावर येतात. टॅबलेट आडवा केल्यावर तुझी रांगोळी जाते ती यामुळेच. त्यावर उपाय एकच: रांगोळी तुझ्या स्वतःच्या यादीत ठेव आणि यादीवरून हवी तेव्हा पुन्हा काढ. यादीत पिक्सेल नकोत, ठिपक्यांचे क्रमांक ठेव. ‘३४ पासून ३५ पर्यंत, लाल’ एवढी नोंद पुरते. मग आकार कितीही बदलला तरी रांगोळी तीच राहते, आणि ‘मागे घे’ बटण म्हणजे यादीतली शेवटची नोंद काढून पुन्हा रेखाटणं.

आता ठिपके. १३ ते ७ ची मांडणी घे: मधल्या ओळीत १३, वर आणि खाली एकेक कमी होत ७ पर्यंत. १३ ओळी, १२७ ठिपके. दोन ठिपक्यांत ४० अंतर ठेवलंस तर दोन ओळींत ४० ठेवू नकोस, ४० गुणिले ०.८६६, म्हणजे ३४.६४ ठेव. तरच शेजारचे तीन ठिपके समभुज त्रिकोण करतात. तू ओळींतही ४० घेतलं आहेस, म्हणून ६० अंशांत फिरवलेली रेघ ठिपक्याच्या बाजूने निसटते. मधला ठिपका शून्य-शून्य धर आणि बाकीचे त्याच्यापासून मोज. एखाद्या ओळीत न ठिपके असतील तर पहिला ठिपका डावीकडे (न − १) × २० वर येतो.

ठिपका काढताना तू आर्क (गोल काढणारं फंक्शन) वापरतेस ते बरोबर, पण प्रत्येक आर्कच्या आधी बिगिनपाथ, म्हणजे नवा पाथ सुरू करणं, हवं. पाथ चालू असताना नवा आर्क आला की आधीच्या बिंदूपासून नव्या आर्कच्या सुरुवातीपर्यंत सरळ रेघ आपोआप जोडली जाते. तुझ्या नको असलेल्या रेघा त्याच. शिवाय लूपमध्ये पाथ कधीच नव्याने सुरू केला नाही तर प्रत्येक वेळी आधीचे सगळे ठिपके पुन्हा रंगतात. १२७ ठिपक्यांना ८,१२८ वेळा रंग लागतो आणि कडा दाट, खरबरीत दिसतात. रेघांनाही हाच नियम.

बोटाची जागा काढताना इव्हेंटच्या क्लायंट-एक्समधून (बोटाची आडवी जागा) कॅनव्हासच्या बाउंडिंग रेक्टची (पानावरच्या त्याच्या चौकटीची) डावी कड वजा कर, ५६० ने गुणून रेक्टच्या रुंदीने भाग आणि २८० वजा कर. उभ्या दिशेला ५०० आणि २५०. कॅनव्हासला दिलेली जाड बॉर्डर काढून बाहेरच्या डिव्हला दे, कारण बाउंडिंग रेक्टमध्ये बॉर्डरही मोजली जाते आणि तेवढी रेघ सरकते. माऊस आणि टच वेगळे लिहू नकोस, पॉइंटर इव्हेंट दोन्ही सांभाळतात. सीएसएसमध्ये टच-ॲक्शन नन असू दे, नाहीतर मूल रेघ ओढेल आणि पान सरकेल. बोट ठिपक्यापासून १८ च्या आत असेल तर रेघ त्या ठिपक्याला चिकटव. वर्गमूळ काढायची गरज नाही, अंतराचा वर्ग ३२४ (१८ चा वर्ग) पेक्षा कमी आहे का एवढंच बघ. १८ यासाठी की ४० चं निम्मं २०. त्याहून मोठा आकडा घेतला तर एकाच वेळी दोन ठिपके दावा सांगतील.

एक रेघ ओढली की सहा उमटायला हव्यात, हे मुलांना फार आवडेल. आधी सेव्ह, मग ट्रान्सलेटने मध्यावर (२८०, २५०) जा, मग रोटेटला पाय (π) भागिले तीन गुणिले ० ते ५ यांतला आकडा दे, रेघ काढ, रिस्टोअर. कोन रेडियनमध्ये असतो, ६० लिहिलंस तर भलतंच वळेल. आधी रोटेट आणि मग ट्रान्सलेट केलं तर मध्यच फिरतो. आणि सेव्ह-रिस्टोअरऐवजी सेटट्रान्सफॉर्मला १, ०, ०, १, ०, ० देऊन परत यायचा मोह टाळ, त्यात टॅबलेटसाठी लावलेली स्केलही जाते आणि पुढची रांगोळी कोपऱ्यात बारीक होऊन बसते.

रंग भरण्यावर जास्त लिहितो, कारण तिथेच तू अडली आहेस. एकावर एक तीन कॅनव्हास ठेव: तळाशी रंग, मध्ये रेघा, वर ठिपके. बोटाचे इव्हेंट सगळ्यात वरच्याला. रंग भरताना रेघांच्या कॅनव्हासमधून गेटइमेजडेटाने पिक्सेल वाच आणि रंगांच्या कॅनव्हासवर लिही. प्रत्येक पिक्सेलचे चार आकडे असतात: लाल, हिरवा, निळा आणि अपारदर्शकता, प्रत्येक ० ते २५५. जागा (वाय × रुंदी + एक्स) × ४. इथली रुंदी आणि एक्स-वाय खऱ्या पिक्सेलमध्ये हवेत, गेटइमेजडेटाला तुझी स्केल माहीत नसते. मध्यापासून मोजलेल्या जागेत २८० आणि २५० परत मिळव, रेशिओने गुण आणि पूर्णांक कर. अपूर्णांक राहिला तर ॲरेमध्ये ती जागाच सापडत नाही आणि कुठलीही एरर न येता रंग भरत नाही. तुझं सध्या तेच होतंय.

रंग कुठे थांबवायचा? तू रंग जुळतो का ते बघतेस. रेघेच्या कडा अर्धपारदर्शक असतात, तिथे रंग जुळत नाही आणि पांढरी किनार राहते. त्याऐवजी रेघांच्या थरातली फक्त अपारदर्शकता बघ: १२८ च्या वर असेल तर थांब, नाहीतर पुढे जा. रंग कडेच्या खाली थोडा सरकतो, वरून रेघ येते, किनार दिसत नाही. भेट दिलेल्या पिक्सेलची वेगळी नोंद ठेव, म्हणजे त्याच रंगावर तोच रंग भरताना लूप अडकणार नाही. फंक्शनने स्वतःलाच हाक मारायची पद्धत सोड. रेशिओ २ असताना ११,२०,००० पिक्सेल होतात, कॉल स्टॅक भरून ब्राउझर थांबतो. साध्या ॲरेत जागा टाकत आणि काढत जा, शेजारी चारच बघ. आणि पुटइमेजडेटा आधीचं चित्र मिसळून घेत नाही, सरळ बदलून टाकतं. कोऱ्या डेटावर रंग भरून तो टाकलास तर आधी भरलेले रंग जातील. रंगांच्या थराचा चालू डेटा घेऊन त्यातच बदल कर. प्रत्येक भरणीची जागा आणि रंगही त्याच यादीत लिही, रेघांच्या क्रमातच.

रेघांच्या कॅनव्हासचा कॉन्टेक्स्ट पहिल्यांदा घेतानाच विल-रीड-फ्रीक्वेंटली ट्रू दे, म्हणजे वारंवार वाचणं जड जाणार नाही. मागे दुसऱ्या साइटवरचा फोटो लावू नकोस. कॅनव्हास दूषित धरला जातो आणि मग त्यातून ना वाचता येतं ना चित्र जतन करता येतं. फाइल डबल-क्लिक करून उघडली तर आपल्याच फोल्डरमधल्या फोटोचंही तेच होतं. लहानसा लोकल सर्व्हर चालवून बघ.

‘पाडव्याच्या शुभेच्छा’ मुक्ता फॉन्टमध्ये हवं आहे ना? फॉन्ट येण्याआधी फिलटेक्स्ट चाललं तर दुसऱ्याच फॉन्टमध्ये अक्षरं उमटतात आणि नंतर आपोआप बदलत नाहीत. डॉक्युमेंटच्या फॉन्ट्स-लोडची वाट बघ, पण त्याला आकार आणि फॉन्टसोबत तो मराठी मजकूरही दे. मजकूर दिला नाही तर ते फक्त एका स्पेससाठी फॉन्ट मागतं, आणि तुकड्यांत येणाऱ्या वेब-फॉन्टचा देवनागरी तुकडा येतच नाही. गर्दीत नेट मिळेलच असं धरू नकोस, फॉन्टची फाइल पानासोबतच ठेव. अक्षरं एकेक करून आणायची असतील तर मजकूर तोडू नकोस, ‘च्छा’चे तुकडे होतील. पूर्ण ओळ काढ आणि क्लिपचा चौकोन डावीकडून वाढवत ने.

जतन करताना तिन्ही थर ड्रॉइमेजने चौथ्या कॅनव्हासवर खालून वर उतरव आणि टूब्लॉबने पीएनजी घे. जेपीईजी हवं असेल तर आधी पांढरा चौकोन भर, नाहीतर मोकळी जागा काळी येते.

रेघेची जाडी ४ ठेव आणि फिकट पिवळा रंग निवडीच्या रंगांतून वगळ. फाटकाशी सकाळचं ऊन सरळ पडद्यावर येतं, तिथे तो दिसणार नाही. आधी फक्त आकार आणि यादी एवढंच दुरुस्त करून पाठव, रंगांचं त्यानंतर बघू. आई विचारते, पाडव्याच्या आदल्या रात्रीपर्यंत पोहोचशील ना?

तुझा,
बाबा