मिरजेच्या चाचांना, गिटारवालीकडून

चाचा, तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत नाही ते माहितेय, नातवाकडनं वाचून घ्या. माझी गिटार तुम्ही दुरुस्त करून दिलीत, पण दुकानात नीट थँक्यू म्हणताच आलं नाही, माझा गळा भरून आला होता आणि तुम्ही लगेच पुढच्या तंबोऱ्याकडं वळलात.

काकांची ती हार्मनी कंपनीची गिटार, शिकागोत बनलेली, ते बोटीवर नोकरीला असताना घेऊन आलेले. जुनी कंपनी १९७५ लाच बंद पडली. काका गेल्यावर मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानात दिली तर त्यांनी उचललेल्या घोडीखाली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिच्याखाली, फेविकॉल ओतला आणि वरनं दोन स्क्रू मारले. दुसऱ्यानं तर हातात पण घेतली नाही, म्हणे ताई शोभेला भिंतीवर लावा, नवीन घ्या, ईएमआय आहे.

तुम्ही आधी तारा सैल केल्या. मग मांडीवर घेऊन तबलीवर, म्हणजे पुढच्या लाकडी फळीवर, बोटानं टकटक करत फिरलात, एका जागी आवाज फाटका आला तिथं थांबलात, आत बारका बल्ब सोडलात आणि आरसा आधी माझ्या हातात दिलात. "तू बघ बेटा, पट्टी सुटलीय." आणि खरंच, तबलीला आतनं आडवी चिकटवलेली पट्टी एका टोकाला सुटलेली, मधे काळी फट. इतके दिवस सगळे काउंटरपलीकडनं मला निकाल सांगत होते हो, माझीच गिटार आतनं मला कुणी दाखवलीच नव्हती! स्टीलच्या सहा तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण, तो पेलणारी पट्टीच सुटल्यावर घोडीमागं फुगवटा येणारच की, पण हे सांगायला कुणाला वेळ होता.

"आम्ही जन्मभर सतारीची घोडी घासून, जवारी लावून तारेतनं गुंजन काढतो आणि तू म्हणतेस हिच्यातलं गुंजन घालवा," म्हणून काय हसलात तुम्ही!

पुढचं सरस म्हणजे लाकूड चिकटवायचा डिंक, क्लॅम्प वगैरे तुमचं तुम्हाला माहीत. पण दांडीवरच्या फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या पडद्यांवर, सरळ पट्टी ठेवून दांडीचा कोन गेलाय हे दाखवलंत आणि वर स्पष्ट म्हणालात की दांडी उघडायचं काम गिटारवाल्याचं, मी सतारवाला, मी हात लावणार नाही. येत नाही म्हणायला लोकांना आजकाल काय होतं कुणास ठाऊक, न येणारं काम घेऊन वाट लावणारेच जास्त. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा स्टेटस टाकणाऱ्यांत मी पण होते, पण तो मान कशाचा आहे ते तुमच्या दुकानात बसल्यावर कळलं.

फेविकॉल खरवडताना घातलेल्या शिव्या मात्र इथं लिहीत नाही. त्याचा थर राहिला तर नवा सरस धरत नाही, म्हणून सगळा काढत बसावं लागलं तुम्हाला. ते दोन स्क्रू तुम्ही कागदात बांधून दिलेत ना, ते पर्समध्येच आहेत, परत त्या शहरात गेले की त्या दुकानाच्या काउंटरवर नेऊन ठेवणारे, त्यांच्याच बिलासकट.