मामा, तुम्ही सासूबाईंच्या हातात पेन दिलंत

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

काल रात्री दीडच्या सुमाराला पाऊस आला. यंदाचा पहिला जोराचा. जाग आली तेव्हा शेजारच्या कॉटवर सासूबाई नव्हत्या. बाहेर येऊन बघते तर पदर डोक्यावर घेऊन, हातात बॅटरी धरून त्या हौदाच्या झाकणापाशी ओणवून उभ्या. पाइपातून पाणी घळघळ उतरत होतं. मला बघून म्हणाल्या, "पिंप भरलं, आता हौदात पडायलंय. ऐक की." आम्ही दोघी तिथंच भिजत उभ्या राहिलो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला पावसात उभं राहू देऊ नये हे मला कळतं, पण काल त्यांना आत चला म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

सकाळी पहिलं काम म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. तुम्ही आमचे नळवाले मामा, गच्चीवरचं हे पाणी हौदात आणलंत ते तुम्ही, पण समोर असलात की "त्यात काय एवढं, ताई" म्हणून विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहिते आहे. गल्लीतल्या, गावातल्या लोकांनीही वाचावं.

लातूरकरांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं तेव्हा मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता आणि पाणवठ्यांवर गर्दी करायला बंदी होती. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात सासूबाई घागर घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आहेत. मिरजेच्या लोकांनी पाणी दिलं याची आठवण त्या अजून काढतात. पुढच्या वर्षी आम्ही कर्ज काढून अंगणात १२ हजार लिटरचा हौद बांधला. आठ-दहा दिवसांनी येणारं नळाचं पाणी साठवायचं आणि कमी पडलं की टँकर ओतायचा. गच्चीवरचं पावसाचं पाणी मात्र दरवर्षी पन्हाळातून गल्लीत जायचं. ते अडवावं असं मला फार दिवस वाटत होतं.

हे काम करून देतो म्हणून तुमच्या आधी दोघेजण येऊन गेले, ते तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नाही. आज सांगते.

पहिला आला तो रंगीत नकाशे घेऊन. गच्चीवर चढला नाही, हौदाकडे बघितलं नाही. "साहेब कुठं आहेत?" हा त्याचा पहिला प्रश्न. आमचे हे नोकरीला पुण्यात असतात, घरचे व्यवहार मी आणि सासूबाई बघतो, असं म्हटलं तर म्हणाला, "मग साहेबांनाच फोनवर समजावतो, ताई, तुमच्या लक्षात नाही यायचं." आकडा सांगितला १ लाख ६५ हजार. त्यात २० हजार लिटरची नवी टाकी होती. ती कशाला, पावसाचं पाणी किती मिळणार, कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्यानं आकडा कमी सांगितला, २० हजार उचल घेतली आणि गच्चीचा पाइप सरळ बोअरच्या केसिंगमध्ये, म्हणजे तोंडाच्या नळीत, सोडून दिला. मध्ये ना जाळी, ना गाळणी. पहिल्याच वळवाला गच्चीवरची माती, पारव्यांची घाण, वाळलेला पाला, सगळं बोअरमध्ये गेलं. मोटार अडकली, ती काढून दुरुस्त करायला ११ हजार लागले. त्याचा फोन त्या दिवसापासून लागलेला नाही.

पैशाचं दुःख झालंच, पण त्याहून जास्त लागलं ते वेगळं. सासूबाईंनी स्वतःला दोष दिला. उचल त्यांनीच काढून दिली होती, लुगड्याच्या घडीतून. "मी अडाणी, मला काय कळतंय" असं त्या म्हणायला लागल्या. चाळीस वर्षं किराण्याची, दुधाची, भिशीची वही ज्यांनी एक रुपया न चुकता लिहिली, त्या बाई. दोन महिने वहीला हात लावला नाही. हिशेब मी लिहायचा आणि त्यांनी दुसरीकडे बघायचं.

अशात तुम्ही आलात ते मोरीतल्या नळाचा वॉशर बदलायला. चाळीस रुपयांचं काम. हात धुता धुता अंगणात बघून म्हणालात, "हौद एवढा झकास आहे आन् पाऊस गल्लीत सोडताय व्हय?" मी जे झालं ते सांगितलं. तुम्ही त्या माणसाला एक शब्दही बोलला नाहीत. शिडी मागितलीत, गच्चीवर गेलात, टेप लावला, तांब्याभर पाणी ओतून उतार कुठं आहे ते बघितलंत. खाली येऊन ओसरीत मांडी घातलीत आणि म्हणालात, "मावशी, वही हाय का घरात?"

सासूबाईंनी कोनाड्यातली लाल वही काढून तुमच्यापुढं ठेवली. तुम्ही ती उघडलीत, दोऱ्यानं बांधलेलं पेन हातात घेतलंत, आणि वही फिरवून त्यांच्याकडे सरकवलीत. पेन त्यांच्या हातात दिलंत. "तुमीच मांडा, मावशी. माझं गणित कच्चं आहे. मी सांगतो, तुमी करा."

मामा, त्या क्षणी मी चहाचं पातेलं उतरवत होते. हात थांबला माझा.

तुम्ही सांगत गेलात, त्या लिहीत गेल्या. गच्ची साडेनऊ मीटर लांब, नऊ मीटर रुंद. ८५ चौरस मीटर धरा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी, ही एवढीच किल्ली. लातूरला पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर होतो म्हणतात, पण आपण ६०० धरू. "घर चालवताना पगार कमीच धरतो की आपण, पाऊस पण तसाच धरायचा." सासूबाईंनी ८५ गुणिले ६०० मांडलं. बोट जिभेला लावून पान सरळ केलं. एक शून्य कमी पडलं, ५,१०० आलं. मला दिसलं, तुम्हालाही दिसलं असणार. मी बोलणार तेवढ्यात तुम्ही डोळ्यांनीच मला थांबवलंत. तुम्ही नुसते बसून राहिलात, बाहेर चिमण्या बघत. त्यांनी एकदा वाचलं, दोनदा वाचलं, मग स्वतःच आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ५१,०००. मग तुम्ही म्हणालात, "बरोबर. त्यातला पाचवा हिस्सा सोडून द्या, गच्ची पिते, ऊन पितं, पहिलं पाणी आपण फेकतो." ४०,८०० लिटर. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आठ टँकर झाले गं."

त्या बोलल्या तो आवाज मी दोन महिन्यांनी ऐकला होता.

गणित कच्चं असल्याचं तुमचं सांगणं किती खरं, ते मला आठवड्यानं कळलं. हार्डवेअरच्या दुकानात सतरा वस्तूंचं बिल दुकानदार यंत्रावर करत होता, त्याची बेरीज व्हायच्या आत तुम्ही आकडा सांगितलात, आणि त्यानं एक एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा जोड, दोनदा लावला होता तेही. मी काही बोलले नाही. घरी आल्यावर सासूबाईंनाही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे, त्या हे वाचतील तेव्हा वाचतील.

बजेटही तुम्ही त्यांच्याकडूनच मांडून घेतलंत. पानाला दोन रेघा मारून तीन खाने. लागणारच, लागलं तर, पुढच्या वर्षी. पहिल्या खान्यात पाइप आणि बेंड-क्लॅम्प ९,४००, गाळणी ६,८००, गच्चीचा उतार नीट करायला ३,०००, हौद धुऊन जाळी बसवायला १,५००, मजुरी ४,५००. दुसऱ्या खान्यात फक्त अडीच हजार, "काहीतरी निघतंच, मावशी, ते आधी बाजूला काढून ठेवलं की मग तोंड कडू होत नाही." पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा, बोअरभोवतीचा दगड-खडी-वाळूचा खड्डा तुम्ही तिसऱ्या खान्यात ढकललात. दोन्ही कामं यंदा केली असती तर तुमची मजुरी वाढली असती. सगळं धरून २७,७०० झाले, आणि खर्च झाला तो २६,३५०. नवीन टाकी नाहीच. टाकी आमच्या अंगणात आधीपासून होती, ती दिसायला फक्त बघणारा माणूस लागत होता. पहिलं पाणी धरायला लागणारं दोनशे लिटरचं निळं पिंपही आमच्याच माडीवर पडलेलं निघालं. गच्ची धुतलेलं मळकं पाणी आधी पिंपात, ते भरलं की स्वच्छ पाणी गाळणीतून हौदात, आणि पाऊस थांबला की पिंपाची तोटी उघडून ते लिंबाच्या झाडाला. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे आमच्या माहेरी माळवदाच्या पन्हाळाखाली पहिला हंडा सांडायचे आन् दुसरा भरायचे, तसंच की." तुम्ही म्हणालात, "तसंच, मावशी. तुमचंच आहे हे. मी फकस्त पाइप जोडणार."

तुम्ही आम्हाला भुलवलं नाहीत, हेही सांगायलाच हवं. आठ टँकर म्हणजे टँकरला ९०० रुपये धरून वर्षाला ७,२०० वाचले, चार वर्षांत पैसे फिटले, असा हिशेब मी उत्साहानं केला. तुम्ही मान हलवलीत. सगळा पाऊस काही हौदात मावत नाही, जोराचा आला की वाहून जाणारच, पाच-सहा वर्षं धरा. बोअरचं विचारलं तर म्हणालात, खाली काळा पाषाण आहे, भेग असेल तर पाणी घेईल, नसेल तर नाही, पाणी वाढेल असं मी लिहून देणार नाही. पिण्याला उकळल्याशिवाय वापरायचं नाही हे दोनदा बजावलंत. काम मिळवायला आलेला माणूस असं बोलत नाही, मामा. त्या दिवशी तुम्ही कामासाठी आला नव्हता हेच खरं.

मृगाच्या आत काम झालं पाहिजे म्हणून तुम्ही अक्षय्य तृतीयेला सुरुवात केलीत. त्या कामाचं मी इथं लिहीत बसत नाही, ज्याला बघायचं त्यानं येऊन बघावं. एवढंच लिहिते की तुमच्या हाताखालच्या पोरानं एक क्लॅम्प तिरका बसवला तेव्हा तुम्ही तो काढून परत बसवलात आणि म्हणालात, हा पाइप मावशींना रोज दिसणार आहे.

शिकलेली माणसं मी खूप बघितली. समोरच्याला लहान करून काम करणारी जास्त भेटली. बँकेत, कचेरीत, दवाखान्यात, जिथं जावं तिथं कुणीतरी म्हणतं, तुम्हाला नाही कळायचं, घरातल्या माणसाला पाठवा. असं ऐकत ऐकत बाई खरंच मानायला लागते की आपल्याला कळत नाही. मग कुणीही येतं आणि लुबाडून जातं, कारण प्रश्न विचारायची तिची सवय मोडलेली असते. आमचे वीस हजार गेले ते असेच गेले. तुम्ही ती सवय परत लावून गेलात. आता भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सासूबाई प्रत्येकाला विचारतात, "कसं काय झालं एवढं? मांडून दाखव." गल्लीतल्या तिघी बायका वही घेऊन त्यांच्याकडे येऊन बसल्या. गच्ची किती, पाऊस किती, पाचवा हिस्सा सोडायचा तो का सोडायचा, सगळं त्या समजावून सांगतात. एकीच्या घरी पत्रे आहेत, तिला म्हणाल्या, पत्र्याचं पाणी जास्त मिळेल, पण मामांना विचारून घे. तुमचा नंबर तिघींनाही दिला आहे. मजुरी वाढवून सांगा, तुम्ही कमी घेता.

मजुरीवरून आठवलं. शेवटच्या दिवशी मी पाकिटात पाचशे रुपये जास्त घातले होते. संध्याकाळी ते वहीत सापडले, हिशेबाच्या पानात घडी करून ठेवलेले. सासूबाईंनी त्याच पानावर तुमच्या नावानं जमा लिहून ठेवलेत, पुढच्या वर्षीच्या खड्ड्यासाठी.

आज सकाळी त्यांनी नवं पान उघडलं. तारीख घातली, खाली लिहिलं, पाऊस, हौदात दोन वीत पाणी. चहा प्यायच्या आधी काठी बुडवून मोजून आल्या होत्या.

रविवारी या, मामी आणि नातीलाही आणा. ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी तुम्हाला आवडते हे सासूबाईंच्या लक्षात आहे, धपाटेही करणार म्हणाल्यात. आणि येताना एक वॉशर आणा. पिंपाची तोटी रात्रीपासून थेंब थेंब गळते आहे. मी खाली वाटी ठेवली आहे, पण सासूबाईंना ते थेंब मोजवत नाहीत.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
हौदवाल्या घरातली ताई