सभासदांच्या वहीत नसलेली माणसे

ती. आई व बाबा यांस,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

बाबांचे पत्र मिळाले. त्यातले दोन प्रश्न असे आहेत की फोनवर उत्तर द्यायला घेतले तर आई मधेच जेवणाचा विषय काढील आणि मुद्दा राहून जाईल, म्हणून सविस्तर लिहिते. रविवारी उपासनेला वीस-पंचवीस माणसे येत असतील तर त्यांच्यासाठी पूर्णवेळ पाळक कशाला, हा पहिला प्रश्न. आणि ग्लासगोच्या एका चर्चच्या मोठ्या मंडळीकडून पाळक म्हणून विचारणा झालेली असताना मी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांपैकी वेस्ट्रे बेटावरच का राहते, हा दुसरा. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

बाबा, तुम्ही इतकी वर्षे जालन्याच्या मंडळीचे सेक्रेटरी होता. सभासदांची वही, वर्गणीची नोंद, कोणाचा बाप्तिस्मा आणि कोणाचे दृढीकरण झाले, हे सारे तुमच्या हातून लिहिले गेले आहे. त्यामुळे मंडळी म्हणजे त्या वहीतली नावे, हे तुमच्या मनात पक्के बसले आहे. येथेही तशी यादी आहे आणि ती दरवर्षी आखूड होत आहे. 1950 च्या दशकात आमच्या चर्च ऑफ स्कॉटलंडचे सभासद 13 लाखांवर होते, आज ते 3 लाखांच्याही खाली आले आहेत. ठिकठिकाणी चर्चच्या इमारती विकल्या जात आहेत आणि शेजारशेजारचे पॅरिश, म्हणजे एकेका पाळकाकडे सोपवलेले परिसर, एकत्र केले जात आहेत. तरीही 1921 च्या कायद्याने मान्य केलेल्या या चर्चच्या घटनेत असे कलम आहे की, देशातल्या प्रत्येक पॅरिशमधील लोकांपर्यंत धर्मसेवा पोहोचवणे हे या चर्चचे कर्तव्य आहे. म्हणजे माझ्याकडे सोपवलेली आहेत ती पंचवीस माणसे नव्हेत, तर बेटावरची सुमारे सहाशे माणसे. त्यांतले काही बाप्टिस्ट या दुसऱ्या पंथाच्या मंडळीत जातात आणि पुष्कळजण कोठेच जात नाहीत.

हे कागदावर वाचून मला फारसे पटले नव्हते. पटले ते दफनविधीच्या वेळी.

गेल्या हिवाळ्यात एक वृद्ध शेतकरी वारले. आयुष्यभर गाईगुरांत रमलेला हा माणूस लग्ने आणि मयती सोडल्या तर चर्चची पायरी चढला नव्हता, आणि मी भेटायला गेले की चहा द्यायचा, पण प्रार्थनेचे नाव काढले की खिडकीबाहेर बोट दाखवून वाऱ्याविषयी बोलू लागायचा. त्यांच्या मुलाने मात्र वडील गेल्यावर डॉक्टरांच्या पाठोपाठ मला फोन केला. येथे शवपेटी कबरीत उतरवण्याचे काम घरची आणि जवळची माणसेच करतात. पेटीला आठ दोऱ्या असतात आणि कोणी कोणती दोरी धरायची हे आधी ठरवून प्रत्येकाला एक लहानसे कार्ड दिले जाते; त्यावर पेटीची आकृती व आकडे छापलेले असतात. पहिली दोरी डोक्याशी, ती थोरल्या मुलाची. कोणाला कोणता आकडा द्यायचा यावरून मानापमान होतात, आणि ते मिटवण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. (आपल्याकडे मांडवात जे होते ते येथे कबरीपाशी होते, एवढाच काय तो फरक!) शेवटी आठवी दोरी एका शेजाऱ्याला दिली, ज्याच्याशी कुंपणावरून त्यांचे वर्षानुवर्षे बोलणे नव्हते. वारा इतका होता की तेविसावे स्तोत्र मला जवळजवळ ओरडून वाचावे लागले. पूर्वी स्कॉटलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी स्त्रिया कबरीपर्यंत जातसुद्धा नसत. या चर्चने स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्यास 1968 मध्ये मान्यता दिली, आणि आता जालन्याची एक बाई कबरीच्या कडेला उभी राहून विधी चालवते याचे येथे कोणालाच काही वाटत नाही. त्या दिवशी जवळपास निम्मे बेट तेथे होते. बाबा, तुमच्या वहीत यांतल्या किती जणांची नावे सापडली असती?

बाकीचा आठवडा कसा जातो हे आईसाठी थोडक्यात लिहिते. शाळेत मुलांसमोर बोलायचे असते, आजाऱ्यांच्या भेटी असतात आणि मंडळीच्या वडीलजनांची, म्हणजे कारभार पाहणाऱ्या सभासदांची, सभा मीच चालवते. कोणी ऑर्कनीचे मुख्य गाव कर्कवॉल येथील इस्पितळात असले तर फेरीने जायला दीड तास, यायला तेवढाच, म्हणजे एका भेटीत दिवस संपतो. शेजारचे पापा वेस्ट्रे बेट माझ्याकडेच आहे. येथून तेथे जाणारे विमान दोन मिनिटांच्या आत उतरते आणि वेळापत्रकाने चालणारा जगातला सर्वांत लहान विमानप्रवास म्हणून पर्यटक मुद्दाम त्यात बसायला येतात. मी मात्र बहुधा छोट्या प्रवासी बोटीने जाते, कारण बोटीत माणसे बोलतात. डिसेंबरात उजेड सहाएक तासच असतो आणि वादळाने फेरी रद्द झाली की मी ज्या बेटावर असेन तेथेच अडकते. अशा रविवारी वडीलजनांपैकी कोणीतरी उपासना चालवतात, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या प्रार्थना माझ्यापेक्षा नेमक्या असतात.

आईला आवडेल असे एक सांगते. येथे लग्नाआधी मित्रमंडळी नवरदेवाला पकडून त्याच्या अंगाला काकवी, पीठ आणि पिसे फासतात आणि उघड्या गाडीतून डबे बडवत मिरवतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हळदीचीच आठवण झाली, फक्त हळदीने माणूस उजळतो आणि यातून निघालेला ओळखू येत नाही.

कर्कवॉलचे सेंट मॅग्नस कॅथेड्रल तुम्ही फोटोत पाहिले आहे. 1137 मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले, पण 1486 च्या राजाच्या सनदेपासून ती इमारत चर्चच्या मालकीची नाही, गावाची आहे. आमच्या चर्चची तिथली मंडळी तेथे उपासना करते इतकेच. जालन्याला हे सांगितले तर ट्रस्टी मंडळींना घाम फुटेल. मला मात्र ती व्यवस्था योग्य वाटते, कारण तेथे शिरणाऱ्याला कोणी ‘तुम्ही कोणत्या मंडळीचे’ असे विचारत नाही.

आता ग्लासगोविषयी. आपल्याकडे बिशपसाहेब बदली करतात तशी येथे होत नाही. जागा रिकामी झाली की मंडळी स्वतः पाळक शोधते आणि बोलावते, आणि नाही म्हणण्याची मोकळीक पाळकाला असते. मी नाही म्हटले आहे. तेथे रविवारी माणसे अधिक येतील आणि मराठी कुटुंबेही भेटतील, हे खरे. पण तेथे कोणी वारले तर नातेवाईक दूरध्वनीच्या यादीतून पाळक शोधतात, आणि येथे मी दुकानात दूध घ्यायला गेले तरी कोणाची गाय अडली आहे आणि कोणाचा मुलगा ॲबर्डीनहून आला आहे हे कळते. त्यातूनच पुढचे काम निघते. स्कॉटिश मिशनच्या रे. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले तेव्हा त्यांनीही आधी शेती आणि वस्ती उभी केली होती, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितले होते. तेव्हा या बाबतीत तुम्ही मला फार बोलू शकणार नाही.

तुम्ही दोघे जूनमध्ये यावे असे फार वाटते. तेव्हा रात्री साडेदहापर्यंत सूर्य मावळत नाही आणि फेरीही सहसा चुकत नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख आधी कळवावी, म्हणजे तिकिटे त्यानंतरची काढता येतील. येताना गोडा मसाला आणि लोणचे आणावे, पण बाटली नीट बांधावी. आणि आईने दोन स्वेटर पुरतील असे समजू नये.

तुमची लेक