रबराच्या झाडाची गुटी बांधून देणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

तुमचा फोन साधा, म्हणून हे पत्र नातीकडून वाचून घ्या. चारचौघांत लिहितेय, कारण रबराचं झाड छताला टेकलं की करायचं काय, हा प्रश्न कोल्हापूरच्या राजारामपुरीत बऱ्याच घरांत पडलेला असतो. शिवाय तुम्ही पैसे घेतले नाहीत, तेव्हा आभार तरी जाहीर घ्या.

समोर इमारत उठली तसा आमच्या हॉलमधला सकाळचा उजेड गेला आणि झाड नुसतं उंच होत राहिलं. खाली सगळं उघडं खोड, वर शेंड्याला मोजकी पानं, तीही छताला अडून वाकलेली. नर्सरीत विचारलं तर म्हणाले, टाकून द्या, नवीन घ्या. तुम्ही शेजारीच शेणखताचं पोतं सायकलला बांधत होता. "जित्तं झाड टाकायचं व्हय ताई?" एवढंच म्हणालात आणि पत्ता विचारलात.

घरी आल्यावर मला वाटलं, लगेच कात्री निघणार. तुम्ही ट्यूबलाईट बंद करायला लावलीत आणि खिडकी नि भिंतीच्या मधे पंजा धरलात. भिंतीवर सावली पुसट. "ह्यामुळं पेरं लांबलीत." मग बोटं लावून दाखवलंत: जुन्या उजेडातली खालची पेरं आखूड, वरची लांबच लांब. जागा तीच ठेवून छाटलं असतं तर नवे फुटवेही तसेच किडकिडीत झाले असते. म्हणून कुंडी आधी बाल्कनीच्या दारापाशी गेली, मगच चाकू बाहेर आला. हे कुणी सांगत नाही. छाटा म्हणून सगळेच सांगतात.

मृगाचा पाऊस लागला होता, हवेत ओल होती. शेंड्याच्या पानांखाली, पेऱ्याला लागून, दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची साल तुम्ही खोडाभोवती गोल काढलीत. पांढरा चीक ठिबकायला लागला. तो ओल्या फडक्यानं पुसता पुसता मला बजावलंत, हा हात डोळ्याला लावू नका. मग उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीनं खरवडलात. तो राहिला तर साल पुन्हा जुळून येते आणि मुळं फुटायची राहतात. झाड मरणार नाही ना, हे मी किती वेळा विचारलं असेल! न चिडता सांगत राहिलात, की पाणी लाकडातून वर चढतच राहतं. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, त्याची वाट अडली की ते कापाच्या वरच्या काठाशी साठतं आणि तिथंच मुळं धरतात. जलवाहिनी आणि रसवाहिनी शाळेत पाठ केल्या होत्या, आकृतीला मार्कही मिळाले होते. त्या खोडात नेमक्या कुठं असतात, ते त्या दिवशी पाहिलं.

मग कापावर भिजवून पिळलेलं मूठभर शेवाळ, वर पारदर्शक प्लास्टिक, दोन्हीकडून घट्ट सुतळी: ही झाली गुटी. "वडाच्या भावकीतलं झाड हाय, मुळं टाकायला निमित्तच बघतंय." मेघालयात ह्याच झाडाची मुळं ओढ्यावरून वळवून जिवंत पूल तयार करतात, हे मी नंतर वाचलं आणि तुमचं वाक्य आठवलं. श्रावणाच्या सुमारास प्लास्टिकच्या आतून पांढरी मुळं दिसायला लागली. मग गुटीच्या खाली कापून, शेवाळ न सोडवता, शेंडा नव्या कुंडीत बसला.

मधल्या खोडाचे तुकडे केलेत, प्रत्येकाला एक डोळा, म्हणजे जिथून फुटवा येतो ती कळी, आणि एक पान. पानातून पाणी उडू नये म्हणून ते सुरळीच्या वडीसारखं गुंडाळून त्याला रबरबँड लावलंत. रबराच्या झाडाला रबरबँड, म्हणून सासूबाई दिवसभर हसत होत्या. जाऊबाईंनी गळून पडलेलं एक पान पाण्याच्या बाटलीत ठेवलं होतं, त्यावर तुमचा निकाल: "मुळं येतील वैनी, झाड व्हनार न्हाई. डोळा कुठाय त्याला?" बाटली अजून खिडकीत आहे. मुळं आलीत, खरंच दुसरं काही नाही.

कमरेइतक्या ठेवलेल्या बुंध्याचीच मला धास्ती होती. पान एक नाही, नुसता दांडा. पाणी कमी घाला, प्यायला पानंच नाहीत, हे तुमचं सांगणं पाळलं. शेंडा असेतोवर खालचे डोळे दबून राहतात, शेंडा गेला की उठतात, हेही तसंच झालं. आधी सालीवर बारीक फुगवटे आले, मग तांबडी टोकदार सुई बाहेर पडली. वरचं आवरण गळालं आणि आतून तळहातापेक्षा लहान, चकचकीत पान उलगडलं. पेरं आखूड आहेत, मामा.

आता बुंध्याला तीन फुटवे आहेत. त्यातले दोन एकाच बाजूचे, एकमेकांना घासतायत. कुठला ठेवायचा, ते येऊन बघा. तोवर मी चाकू लावत नाही. एक रोप तुमच्यासाठी राखून ठेवलंय, सायकलला पिशवी घेऊन या. आणि ह्या वेळी नुसत्या चहावर सोडणार नाही, जेवूनच जायचं.

तुमची,
राजारामपुरीतली ताई